किल्ली कुणाच्या कमरेला?

जुन्या कोकणी घरात कुणाचा शब्द चालतो हे ओळखायला फार वेळ लागत नसे. कोठीच्या खोलीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, एवढं पाहिलं की पुरे. घर कुणाच्या नावावर, पैसा कोण आणतं, या गोष्टी वेगळ्या. तांदूळ काढायचे म्हटले की सगळे जिच्याकडे बघत, ती घरची धनीण. संगणकाच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायला हवा असं मला अलीकडे फार वाटू लागलं आहे. पैसे आपण मोजतो. टेबल आपलं, विजेचं बिल आपलं. पण त्या यंत्रात काय चालावं आणि काय चालू नये, ते 'जुनं' कधी झालं म्हणायचं, आपण त्यात लिहून ठेवलेलं उद्या आपल्यालाच वाचता येईल की नाही, याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे?

हा वाद परदेशातल्या तंत्रज्ञांचा, आपल्याला त्याचं काय, असं वाटणं साहजिक आहे. माझं आयुष्य मात्र पेण आणि रोहा या दोन गावांत, डीटीपीच्या आणि संगणक शिकवण्याच्या धंद्यात गेलं. या दोन गावांत हा प्रश्न रोज कुणाच्या तरी दारात उभा असतो. फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नसतं.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. पैसे न पडणारं तेही फ्री आणि बंधनात नसलेलं तेही फ्री. त्यामुळे 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे नेमकं काय, हे इंग्रजी बोलणाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. आपलं तसं नाही. आपल्याकडे मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. देवळातला प्रसाद मोफत. पिंजऱ्यातून सुटलेला पोपट मुक्त.

या चळवळीचा उगम सांगतात तो एका छपाई यंत्रापाशी. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती : कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली असेल त्यांना संगणकावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरला तशी सोय करता येईना, कारण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर द्यायला नकार मिळाला. यंत्र प्रयोगशाळेचं, कागद त्यांचा, दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर हजर. आणि तरीही हात बांधलेले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी 'ग्नू' या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. त्यामागची चार स्वातंत्र्यं अशी : प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवण्याचं, तो आतून वाचून आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचं, त्याची प्रत शेजाऱ्याला देण्याचं आणि आपण केलेली सुधारणा इतरांना वाटण्याचं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहायला घेतलं. दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि घरच्या टेबलावर चालेल अशी मुक्त प्रणाली तयार झाली.

आपल्याकडे ती पोचली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर. पण लहान गावांत तिचा फारसा जम बसला नाही, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं होतं. पैसे वाचवण्याचा मुद्दा इथे कुणाला पटेना. विंडोज विकत घ्यायचं असतं हेच कुठे कुणाला माहीत होतं? जोडून दिलेल्या संगणकात दुकानदार ते 'टाकून' द्यायचा. जे आधीच फुकट मिळतंय त्याच्याऐवजी दुसरं फुकट कशाला? मोफत आणि मुक्त यांतला फरक सांगणारी भाषा आपल्याकडे होती, पण तो फरक जाणवावा असा प्रसंग अजून आला नव्हता.

तसं पाहिलं तर पेणकरांना हा फरक समजावणं अगदी सोपं आहे. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी गणपती घडतात. मूळ मूर्तीवरून रबराचा साचा निघतो, साच्यातून मूर्ती. इथून कितीतरी मूर्ती रंग न देता, कच्च्याच बाहेरगावी जातात. तिथला कारागीर आपल्या गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंग देतो, डोळ्यांची आखणी करतो, दागिने चढवतो. मुक्त प्रोग्रॅम म्हणजे साच्यासकट मिळालेली कच्ची मूर्ती. तिचा हात बदलता येतो, फेटा चढवता येतो, नवा साचा काढून पुढच्या गावाला देता येतो. उलट, रंगवून काचेच्या पेटीत बंद करून मिळालेल्या मूर्तीला फक्त नमस्कार करता येतो.

बाईंच्या ओव्या

कुलूप म्हणजे काय हे आमच्या धंद्याला शिकवलं ते मराठी फॉन्टनी.

लहान गावांत मराठी संगणकावर आली ती डीटीपीच्या दुकानांतून. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, पतसंस्थांचे अहवाल, गणपतीच्या कारखान्यांची दरपत्रकं. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सायबरस्केपचं आकृती ही नावं त्या पिढीतल्या प्रत्येक ऑपरेटरच्या तोंडी होती. या मंडळींचं ऋण मान्यच करायला हवं. बाजारात मराठीला कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी ती पडद्यावर आणि कागदावर देखणी दिसेल अशी सोय केली.

पण प्रत्येकाची आतली सांकेतिक मांडणी वेगळी होती. हे जरा समजावून सांगायला हवं. त्या काळच्या फाइलीत 'क' हे अक्षर नसायचंच. तिथे इंग्रजी लिपीतल्या एखाद्या चिन्हाचा क्रमांक असायचा आणि फॉन्ट त्याच्यावर 'क'चा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की खाली भलतंच चिन्ह. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडलं तर नुसता कचरा दिसायचा. त्यात महागड्या पॅकेजसोबत काडेपेटीएवढा एक ठोकळा यायचा. तो संगणकाच्या मागे, प्रिंटरची वायर जिथे जोडतात तिथे लावायचा. त्याला डाँगल म्हणत. आम्ही नुसतं 'लॉक' म्हणायचो. लॉक नसेल तर पॅकेज चालत नसे. नाव अगदी नेमकं होतं.

पेणमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो, खारेपाटातल्या म्हाताऱ्या आयाबायांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. वाशी, दादर, आसपासची गावं. एसटीने जायचं, ओसरीवर बसायचं, लिहून घ्यायचं. चारशेच्या वर ओव्या जमल्या. १९९९ साली त्या एका दुकानात टाइप झाल्या. पुस्तक काढायचं ठरलं होतं, ते काही ना काही कारणाने राहिलं. मग २००५ चा जुलै आला. त्या पावसात रायगड जिल्ह्याचं काय झालं ते वाचकांना आठवत असेल. बाईंच्या वह्या आणि छापलेल्या प्रती भिजून लगदा झाल्या. फाइली सीडीवर होत्या म्हणून वाचल्या. पण दुकानातलं यंत्र आणि त्याच्या पाठचं लॉक पाण्यात गेलं.

ज्या कंपनीचं ते पॅकेज होतं तिच्याकडे दुकानदाराने विचारणा केली. उत्तर आलं, ती आवृत्ती बंद झाली. नवी घ्या, पण जुनी फाइल तिच्यात उघडेल याची हमी नाही. दुकानदाराने धंदाच बदलला. पुढे बाई गेल्या. २०१५ च्या सुमारास त्यांच्या सूनबाई ती सीडी घेऊन माझ्याकडे रोह्याला आल्या.

"सर, सासूबाई सांगायच्या, सगळं यात आहे. पण इथे तर नुसती चिन्हंच दिसतात हो."

मी म्हटलं, "वहिनी, शब्द कुठे गेलेले नाहीत. वाचायचा चष्मा हरवलाय."

चष्मा करून दिला तो माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कॉलेजातल्या एका मुलाने. बाईंच्या माहेरी ओव्यांची सात-आठ छापील पानं निघाली. ती समोर ठेवून, कुठलं चिन्ह कुठल्या अक्षराचं सोंग घेतंय याचा तक्ता त्याने दिवाळीच्या सुट्टीत तयार केला आणि पायथॉन या मुक्त भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तयार रूपांतरक मिळतात, पण त्या जुन्या आवृत्तीला एकही नीट बसेना. पहिल्या वेलांटीने फार छळलं. जुन्या फाइलीत ती अक्षराच्या आधी लिहिलेली, युनिकोडमध्ये नंतर यायला हवी. 'सासऱ्याच्या', 'नवऱ्याच्या' यांतला 'ऱ्या' तर हटकून मोडायचा. आणि जात्यावरच्या ओव्यांत सासरे आणि नवरे किती असतात ते काय सांगावं! पंधरा दिवसांनी पडद्यावर ओव्या दिसू लागल्या. वहिनी वाचता वाचता एका ओवीशी थांबल्या. म्हणाल्या, "ही त्या स्वतः म्हणायच्या, भाकऱ्या थापताना."

त्या ओव्या कुणाच्या होत्या? खारेपाटातल्या बायकांच्या, बाईंच्या, मराठीच्या. त्या फॉन्ट कंपनीच्या तर नक्कीच नव्हत्या. कुणी दुष्टपणा केला असंही नाही. कंपनीने आपल्या मालाला कुलूप लावलं होतं, इतकंच. आपली वस्तू त्यांच्या कोठीत ठेवलेली आहे हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं.

ल आणि श

हे कुलूप तुटलं ते युनिकोडने. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक देण्याची ही योजना. तिच्यात 'क'चा क्रमांक २३२५. मग यंत्र कुठलंही असो, कंपनी कुठलीही असो. विंडोज २००० सोबत 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. त्याची अक्षरं रेखाटली होती मुंबईचे ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मराठी सगळीकडे वाचता येऊ लागली, मात्र त्यातले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते. मराठी माणूस पोटात गाठ असलेला 'श' आणि दोन पाकळ्यांचा 'ल' लिहितो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात वर्णमालेबाबत निर्णय काढून मराठीची वळणं ठरवून दिली. पण शासननिर्णयाने फॉन्ट बदलत नाहीत. फॉन्ट बदलायचा तर तो उघडण्याचा अधिकार हवा.

इथे मुक्त फॉन्टचं मोल कळतं. सायबरस्केपने २००३ साली आकृतीचे काही फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, ही मोठ्या मनाची गोष्ट. रेड हॅटने 'लोहित' दिला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्ता', 'बालू'सारखे फॉन्ट दिले, आयआयटी मुंबईने 'शोभिका' दिला. हे फॉन्ट कुणीही वापरावेत, आत डोकावून पाहावेत, आपल्या भाषेच्या वळणाप्रमाणे बदलावेत आणि पुन्हा वाटावेत. आपल्या भाषेचा 'ल' कसा दिसावा हे ठरवायला कुणाच्या दारात जावं लागत नाही, याला मी स्वातंत्र्य म्हणतो.

चालतं यंत्र जुनं होतं तेव्हा

'आधीच फुकट मिळतंय' म्हणणाऱ्यांनाही फरक जाणवावा असा प्रसंग अखेर आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. ज्यांना हवी त्यांना वर्षभराची सुरक्षा मुदतवाढ देऊ केली. विंडोज ११ बसवायचं तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, अशी अधिकृत अट आहे. म्हणजे जे यंत्र सकाळी चालत होतं ते संध्याकाळीही चालतं, पण हळूहळू असुरक्षित होत जातं. आणि त्याच्या मालकाला सांगितलं जातं की नवं घ्या.

रोह्यात माझ्या एका मित्राचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे त्या दिवाळीत अशा यंत्रांची रांग लागली होती. घरी शिकवण्या घेणाऱ्या ताई, धाटावच्या एमआयडीसीत कामाला असलेला मुलाचा बाप, किराणा दुकानदार. प्रत्येकाचा प्रश्न एकच : "हा काय बिघडलाय का?" बिघडलेलं काहीच नव्हतं. मित्राने काहींच्या यंत्रांवर लिनक्स मिंट बसवून दिलं. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून दाखवायचं, पसंत पडलं तरच बसवायचं. शिकवणीच्या ताईंचं दहा वर्षांचं यंत्र आजही प्रश्नपत्रिका काढतंय.

सगळ्यांचं जमलं असं मात्र नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. किराणा दुकानदाराचा हिशेब टॅलीवर. तो परत गेला. एकाचा जुना स्कॅनर चालेना. डीटीपीवाल्यांचे हात पेजमेकर आणि कोरलड्रॉवर बसलेले. ते सुटत नाहीत. सवय हीदेखील एक किल्लीच असते. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो मुलं संगणक शिकली आणि त्यांच्यासाठी संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस असं समीकरण बनून गेलं. केरळने शाळांमधून मुक्त प्रणालीवर शिकवायला सुरुवात केली आणि तो निर्णय टिकवला. तिथल्या मुलांना दोन्ही सोपं जातं. बुद्धी तीच, फक्त हाताला पहिलं वळण वेगळं लागलं.

मुक्त घरातली कुलपं

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की लिनक्स बसवलं म्हणजे प्रश्न मिटला. तसं नाही, आणि हीच या विषयातली खरी अवघड जागा आहे. मुक्त घरालाही कुलपं लागू शकतात.

२०१२ साली विंडोज ८ च्या सुमारास नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' आलं. यंत्र सुरू होताना आत येणाऱ्या प्रणालीवर ओळखीची सही आहे का, हे ते तपासतं. व्हायरस रोखायला उपाय चांगला. पण यंत्रात मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्याच किल्ल्या बसवून येतात. त्यामुळे लिनक्सच्या मोठ्या वितरकांनाही आपल्या छोट्या आरंभक प्रोग्रॅमवर मायक्रोसॉफ्टकडून सही घ्यावी लागली. मुक्त प्रणालीला आपल्याच घरात शिरायला शेजाऱ्याची चिठ्ठी! बहुतेक यंत्रांत ही तपासणी बंद करता येते किंवा आपली किल्ली बसवता येते. पण ती मुभा ठेवायची की नाही, हे विंडोज १० पासून यंत्र बनवणाऱ्यावर सोडलं गेलं.

त्याच वर्षी उबुंटूने असं केलं की, आपण आपल्याच संगणकात फाइल शोधायला शब्द टाकला की तो बाहेर कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा आणि उत्तरात ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. स्टॉलमन यांनी तिला सरळ हेरगिरी म्हटलं. पुढे २०१६ च्या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद ठेवून येऊ लागली. त्याआधी २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपने आपलं रूप साफ बदललं, कितीतरी जुन्या सोयी काढून टाकल्या. वापरणारे रागावले. इथे मात्र काचेची पेटी आणि साचा यांतला फरक दिसला. रागावलेल्यांपैकी काहींनी जुना साचा उचलला आणि 'माते' हा डेस्कटॉप पुढे चालवला. लिनक्स मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' घडवला. २०१० साली ओपनऑफिसच्या बाबतीत कंपनी बदलल्यावर असंच झालं, त्यातून लिबरऑफिस जन्मलं. रोह्यातल्या ताईंच्या यंत्रावर आज चालतात ते हेच दोन : सिनॅमन आणि लिबरऑफिस. कुणा अनोळखी माणसांच्या त्या वेळच्या हट्टावर त्यांच्या प्रश्नपत्रिका उभ्या आहेत.

म्हणजे मुक्त प्रणालीत कुलूप लागणारच नाही अशी हमी नाही. कुलूप लागलं तर दुसरं दार काढण्याचा अधिकार मात्र तिथे शाबूत असतो. विंडोजचा स्टार्ट मेनू बदलला तेव्हा आपण फक्त कुरकुर करू शकलो.

कुलूप कुणासाठी

सगळीच कुलपं वाईट असंही मी म्हणणार नाही. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत उबुंटू लिनक्स आलं. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त साधनांवर उभारली. ज्या कोर्टाच्या पायरीवर आपण तारीख विचारायला जातो तिथे मुक्त प्रणाली मुकाट काम करते आहे. तिथल्या कारकुनाला वाटेल ते बदलता येत नाही, आणि येऊही नये. ते यंत्र त्याच्या घरचं नाही. पक्षकारांची कागदपत्रं त्यात आहेत. तिथली किल्ली न्यायव्यवस्थेकडे असावी हेच योग्य.

याहून बारीक प्रश्न आपल्याच जिल्ह्यात खैराट या वाडीवर उभा राहिला होता. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या जागतिक योजनेला केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ साली नकार दिला. तरीही २००७ मध्ये तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो खैराटच्या एकशिक्षकी शाळेत, वीस-बावीस मुलांसोबत. हिरव्या-पांढऱ्या त्या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स आणि 'शुगर' नावाचा मुलांसाठीचा डेस्कटॉप होता. त्याच्या कळफलकावर एक खास कळ होती : ती दाबली की चालू असलेल्या खेळाचा मूळ मजकूर समोर यावा, ही कल्पना. मुलाने विचारावं, हे आत कसं चालतं? आणि यंत्राने त्याला आत घ्यावं.

पण याच लॅपटॉपसाठी चोरी रोखणारं कुलूपही रचलेलं होतं. ठरावीक मुदतीत परवाना ताजा झाला नाही तर यंत्र बंद पडावं, अशी तजवीज. मूळ प्रणालीत बदल करायचा तर वेगळी किल्ली मागावी लागे. मात्र ती मागण्याची वाट ठेवलेली होती, आणि मला ती तोड शहाणपणाची वाटते. पुढे २००८ मध्ये त्या लॅपटॉपवर विंडोज चालवण्याचा करार झाला. शुगरची धुरा वाहणारे वॉल्टर बेंडर आधीच बाहेर पडले होते. त्यांनी शुगरचं काम स्वतंत्रपणे चालू ठेवलं. लॅपटॉपची ती योजना ओसरली. मूळ मजकूर दाखवणारी कळ मात्र मला विसरता येत नाही. आपल्या मुलांच्या हातात आज जे पडदे आहेत त्यांतल्या कितींवर तशी कळ आहे?

मातीची पाटी

मला नेहमी विचारतात, "सर, आम्हाला कुठे प्रोग्रॅम लिहायचाय? आत काय आहे ते बघून आम्ही काय करणार?" बरोबर आहे. विहिरीवरचा पंपही आपण स्वतः उघडत नाही. पण तो कुणाकडून उघडून घ्यायचा, नागोठण्याच्या मेकॅनिककडून की कोलाडच्या, हे आपण ठरवतो. पंपावर सील मारून कंपनी म्हणाली की आमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, तर आपल्याला चालेल का? रोह्याच्या त्या मुलाने बाईंच्या ओव्या सोडवल्या. वहिनींना पायथॉन येण्याची गरज नव्हती. येणाऱ्याला अडवलेलं नव्हतं, तेवढं पुरलं.

घरापुरतं करण्यासारखं थोडं आहे. मराठी लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. महत्त्वाची कागदपत्रं खुल्या स्वरूपात जपा. लिबरऑफिसचं ओडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. जुन्या फॉन्टमधल्या फाइली घरात असतील, आजोबांच्या आठवणी, वंशावळ, एखादी स्मरणिका, तर जाणकार माणसं आहेत तोवर त्या बदलून घ्या. नवं यंत्र घेताना दुकानदाराला विचारा, यावर दुसरी प्रणाली बसवता येते का? उत्तर काय येतं याहून तो गोंधळतो का, ते पाहा. आणि चालतं यंत्र भंगारात देण्याआधी एकदा पेन ड्राइव्हवरून मुक्त प्रणाली चालवून बघा.

एक गोष्ट आपल्याला आपल्यालाच सांगायची आहे. पेणच्या खारेपाटात समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतात, पाणी सोडायला उघाड्या असतात. पूर्वी गावकरी मिळून ते राखत. बांधाला खांड पडली की ज्याची शेती आत आहे त्या प्रत्येकाने मातीची पाटी घेऊन जायचं. १९४८ च्या खार जमीन कायद्यानंतर हे काम सरकारी मंडळाकडे गेलं, आणि खांड बुजवायची कुणी यावर कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्याची वेळ आली. मुक्त सॉफ्टवेअर हा असाच सामाईक बांध आहे. मराठी मेनूंची भाषांतरं, फॉन्टमधल्या चुका, जोडाक्षरांची दुरुस्ती, यांतलं फार काही कुणी पगारावर करत नाही. पुण्यामुंबईतल्या काही मोजक्या लोकांनी वर्षानुवर्षं पाट्या टाकल्या म्हणून आज मराठी डेस्कटॉप दिसतो. त्यांचे हात थकतील तेव्हा पेणहून आणि रोह्याहून कुणी निघेल का, हा प्रश्न मी माझ्या वर्गातल्या मुलांना विचारतो. किल्ली आपल्या कमरेला हवी असेल तर कोठीतले तांदूळही आपणच निवडायला हवेत.